चिमाजी अप्पांनी वसईच्या लढाईतून आणलेली ‘घड्याळं’ आजही देवळांत टांगलेली आहेत

जुन्या युद्धातली घड्याळं जमवणाऱ्यांची एक वेगळीच दुनिया असते. कुणाला पहिल्या महायुद्धातलं सैनिकाचं मनगटी घड्याळ हवं असतं, कुणी मुंबईच्या चोरबाजारात लढाऊ जहाजावरचं पितळी घड्याळ शोधत फिरतो. चालू असलं तर भाव वेगळा, त्यावर साल आणि शिक्का असला तर आणखी वेगळा.

पण युद्धातून आलेली, साल कोरलेली आणि आजही वाजणारी अशी एक जमवाजमव महाराष्ट्रात पावणेतीनशे वर्षांपासून आहे. तिला तिकीट नाही, काचेची पेटी नाही. ती भीमाशंकरला आहे, पालीला आहे, नाशिकला गोदावरीच्या काठावर आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. येणारा जाणारा हात वर करून ती वाजवतो आणि पुढे जातो.

त्या आहेत वसईच्या घंटा. आणि त्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, ते चिमाजी अप्पा.

घंटेला घड्याळ कसं म्हणायचं, असा प्रश्न इथे पडेलच. तर इंग्रजीत घड्याळाला जो ‘क्लॉक’ शब्द आहे, तो मुळात घंटेसाठीच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आलाय. आपल्याकडेही तसंच. तासातासाला टोले द्यायच्या काशाच्या जाड थाळीला जुन्या मराठीत घड्याळच म्हणायचे. काटे आणि तबकडी ही नंतरची चैन. शेकडो वर्षं वेळ ही बघायची नव्हे, ऐकायची गोष्ट होती.

या गोष्टीची सुरुवात ठाण्यात होते.

वर्तकनगर नाक्यावरून रिक्षा पकडून कोर्ट नाक्यापर्यंत आलं आणि तिथून कळव्याच्या पुलाकडे निघालं की एक उंच दगडी भिंत लागते. ठाणे सेंट्रल जेल. रोज हजारो लोक तिच्या शेजारून जातात. ही भिंत जेलसाठी बांधलेली नाही, हा पोर्तुगीजांचा किल्ला आहे. तोही पुरता बांधून न झालेला असताना त्यांच्या हातून गेलेला. १७३० च्या आसपास त्यांनी काम काढलं आणि १७३७ साली मराठे आले, तेव्हा बुरूज अजून अर्धवट होते.

तेव्हा वर्तकनगरच्या जागी वसाहती नव्हत्या, पोखरण रोड नव्हता. येऊरच्या डोंगराचा पायथा होता. पण हा सगळा मुलूख साष्टी बेटाचा भाग होता आणि साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली, तेव्हापासून जवळपास दोनशे वर्षं इथली वेळ चर्चच्या घंटेवर चालली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रार्थनेचे टोले पडायचे. किल्ल्यात तर घंटेला आणखी कामं असायची. लग्नाला, मयताला ती वाजायची आणि शत्रू दिसला की धोक्याची सूचना म्हणूनही वाजायची. वसईच्या कोटात वेगवेगळ्या पंथांची इतकी चर्चेस होती की एकाची घंटा थांबेपर्यंत दुसऱ्याची सुरू होत असणार.

मराठ्यांची वेळ वेगळ्या पद्धतीने मोजली जायची. पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटिकांचा एक दिवस. लग्नाच्या मुहूर्तावर ‘घटिका भरली’ म्हणतात, ती हीच.

आता चिमाजी अप्पांकडे येऊ.

बाळाजी विश्वनाथ पेशवे आणि राधाबाई यांचा हा धाकटा मुलगा. थोरला बाजीराव. १७२० साली वडील गेले आणि कोवळ्या वयाच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. त्या दिवसापासून धाकट्या भावाचं आयुष्य थोरल्याच्या आयुष्याला जोडलं गेलं. बाजीरावाने घोडा काढायचा आणि चिमाजीने मागचं सगळं सांभाळायचं. कर्ज, सावकार, सरदारांची भांडणं, शाहू महाराजांचा दरबार, हिशेबाचे कागद. सिनेमात हे दाखवत नाहीत, कारण हिशेबाच्या कागदांवर गाणं करता येत नाही.

पण अप्पा नुसते कारभारी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याला हरवलं आणि मारलं. माळव्याचं दार उघडलं ते या लढाईने. पुढे १९ एप्रिल १७३६ रोजी अलिबागजवळ जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात त्यांच्याशी लढताना पडला. कोकणात या माणसाची मोठी दहशत होती.

हे सगळं करणाऱ्या माणसाची तब्येत मात्र कधीच धड नव्हती. खोकला कायम सोबत असायचा. १७३० साली सदाशिवचा जन्म झाला आणि काही दिवसांतच बायको रखमाबाई गेली. हा सदाशिव म्हणजे पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ.

तर ठाणे.

पोर्तुगीजांचा जाच होत असल्याच्या तक्रारी घेऊन साष्टीतले लोक पुण्याला खेपा घालत होते. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही त्यातली मोठी नावं. धर्माचा जाच होता, जमिनींचा होता आणि मानापमानाचाही होता. या लोकांना वाटा माहीत होत्या, खाडीची भरती-ओहोटी माहीत होती, कुठल्या बुरुजाचं काम अर्धवट आहे तेही माहीत होतं. मोहिमेचा पाया या स्थानिक माणसांनी घातला. पुढे विजयाचं श्रेय वाटताना त्यांची नावं मागे पडली.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्यावर झडप घातली आणि किल्ला फारशी झुंज न होता हातात आला. पोर्तुगीजांनी तो परत घ्यायचा प्रयत्न पुढे केला, पण मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना आधीच खबर दिली आणि तो डाव फसला. इंग्रजांना पोर्तुगीज शेजारी नको होते. मराठे शेजारी आलेले त्यांना चालणार होते असंही नाही, पण तो हिशेब त्यांनी नंतरसाठी ठेवला.

ठाणं पडलं तरी वसई पडली नाही. आणि मग मोहीम रेंगाळली. निजाम दिल्लीच्या बाजूने माळव्यात उतरला. बाजीरावाने त्याला भोपाळला कोंडलं, तेव्हा निजामाचा मुलगा नासिरजंग बापाच्या मदतीला जाऊ नये म्हणून अप्पांना खानदेशात तळ देऊन बसावं लागलं. वसई पुढच्या हंगामावर गेली.

जानेवारी १७३९ मध्ये अप्पा स्वतः कोकणात उतरले. माहीम घेतलं, तारापूर घेतलं. तारापुरात बाजीराव भिवराव रेठरेकर हे मोहिमेतले महत्त्वाचे सरदार गोळी लागून पडले. पोर्तुगीज शेवटच्या माणसापर्यंत लढतात, हे अप्पांना तिथे पुरतं कळलं. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला.

वसईचा कोट बघितला की ही लढाई इतकी अवघड का होती ते कळतं. बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून जायला एकच बाजू मोकळी आणि तिथेच सगळ्यात जाड तट. समुद्राकडून मानाजी आंग्रे यांनी रसद तोडली. जमिनीवरून मोर्चे पुढे सरकवायचे, तटाखाली सुरुंग खणायचे, बत्ती द्यायची आणि तट पडला की त्या खिंडारातून आत घुसायचं, एवढाच मार्ग होता. सुरुंग कधी वेळेआधी उडायचे, कधी उडायचेच नाहीत. खिंडारावर चढलेल्या माणसांवर वरून हातगोळे आणि पेटते ओंडके पडायचे.

आणि अप्पांकडे वेळ नव्हता.

एक तर पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात पाऊस उतरला की खंदक भरणार, सुरुंगांत पाणी शिरणार, आंग्र्यांची गलबतं किनाऱ्याला लागणार. म्हणजे सगळा खर्च आणि सगळी मेलेली माणसं फुकट. दुसरीकडे दिल्लीत नादिरशहा शिरला होता. मार्चमध्ये त्याने तिथे कत्तल केली. तो दक्षिणेकडे वळला तर त्याला अडवायला बाजीरावाला फौज हवी होती आणि फौजेचा मोठा भाग वसईच्या चिखलात अडकलेला. वेढा उठवावा तर दोन वर्षं पाण्यात. न उठवावा तर थोरला भाऊ उत्तरेत एकटा. अप्पांनी वेढा उठवला नाही. आपलं डोकं तोफेत घालून किल्ल्यात उडवा, असं ते सरदारांना म्हणाल्याची कथा याच दिवसांची. कथा म्हणून ठीक आहे. पण त्या मे महिन्यात त्यांच्या डोक्यावर काय ओझं होतं, ते तिच्यातून बरोबर कळतं.

आत पोर्तुगीजांची अवस्था आणखी वाईट होती. सेनापती मारला गेलेला, दारूगोळा संपत आलेला, शिपायांना द्यायला पगार नाही. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही कर्जाऊ आणि तारण ठेवून. तारण काय? चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा. म्हणजे वसई पडण्याआधीच तिच्यातली चांदी मुंबईला गेली होती. घंटा मनोऱ्यातच राहिल्या.

मे महिन्याच्या मध्यावर एका मोठ्या सुरुंगाने बुरूज फुटला. मराठे खिंडारात टिकून राहिले आणि पोर्तुगीजांनी पांढरं निशाण दाखवलं.

याची तारीख नेटवर शोधली तर डोकं गरगरतं. कुठे ५ मे १७३९, कुठे १६ मे, कुठे १२, कुठे २३. यात बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते. पोर्तुगीज तेव्हा आज आपण वापरतो तीच दिनदर्शिका वापरत होते. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या दिनदर्शिकेवर होते आणि ती अकरा दिवस मागे होती. एकाच दिवशी वसईत १६ मे होता आणि खाडीपलीकडे मुंबईत ५ मे. मराठ्यांच्या कागदांवर तिसरीच मोजणी, शके १६६१, वैशाख. तह ठरला तो दिवस ५ किंवा १६ मे आणि पोर्तुगीजांनी किल्ला रिकामा केला तो १२ किंवा २३ मे. वेढ्याच्या दोन बाजूंना नुसती दोन सैन्यं नव्हती, दोन कालगणना होत्या. तिसरी शेजारी बसून बघत होती.

मराठ्यांकडचा आकडा सांगतो की या वेढ्यात त्यांची मेलेली आणि जखमी मिळून पाच हजार माणसं कामाला आली. पोर्तुगीजांचे मेलेले आणि जखमी मिळून आठशेच्या आसपास. जिंकलेल्या बाजूने इतकी जास्त किंमत मोजलेल्या लढाया कमी असतात.

एवढं रक्त सांडल्यावर आत शिरलेली फौज काय करते, हे त्या काळात सगळ्यांना ठाऊक होतं. पण अप्पांनी पोर्तुगीजांना शस्त्रं, निशाणं आणि वाजणारे ढोल घेऊन बाहेर पडू दिलं. लोकांना आपलं सामान नेता यावं म्हणून आठ दिवसांची मुदत दिली. ज्यांना राहायचं होतं त्यांना राहू दिलं. वसईतला ख्रिस्ती समाज आजही तिथेच आहे आणि ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन चर्चही उभं आहे.

आता घंटा.

धातूच्या हिशेबाने बघितलं तर घंटा ही युद्धातली मोलाची लूट. तांबं आणि कथील. वितळवून त्यात थोडं आणखी तांबं घातलं की तोफ ओतता येते. युरोपात तर जिंकलेल्या गावाच्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानायचे. गावाला घंटा हव्या असतील तर पैसे मोजून सोडवून घ्याव्या लागत. अगदी दुसऱ्या महायुद्धातही जर्मनीने युरोपभरातून लाखाहून अधिक घंटा उतरवल्या आणि त्यातल्या बहुतेक वितळवल्या. तोफांचा तुटवडा मराठ्यांना कायमच होता. तरीही वसईच्या या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. हत्ती, बैलगाड्या आणि माणसांच्या खांद्यांवरून त्या घाट चढून गेल्या असणार. शेकडो किलोचं धूड सह्याद्री चढवायचं, हा केवढा खटाटोप! केवळ धातू हवा असता तर तुकडे करून नेणं कितीतरी सोपं होतं.

भीमाशंकरला शनिमंदिरासमोर दोन खांबांमध्ये एक आहे. पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे. पुण्यात अप्पांच्याच आश्रयाने उभं राहिलेलं ओंकारेश्वर आहे, तिथेही एक सांगतात. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा इतकी प्रसिद्ध झाली की लोक देवळाआधी तिचंच नाव घेतात. तिच्यावर १७२१ साल आहे. मेणवलीच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाशेजारी दगडी घरात टांगलेल्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची प्रतिमाही आहे. साधारण त्याच सुमारास अप्पांचा जन्म. म्हणजे ही घंटा आणि तिला जिंकणारा माणूस जवळपास एका वयाचे.

गंमत म्हणजे, ती प्रतिमा कुणी घासून काढली नाही. क्रूस, मेरी, परक्या लिपीतली अक्षरं, सगळं जसंच्या तसं. शंकरासमोर ती वाजत राहिली. विजयाची खूण म्हणून तसं ठेवलं असेल, देवाची वस्तू म्हणून ठेवलं असेल. पण ठेवलं, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या प्रत्येक देवळात ‘ही घंटा चिमाजी अप्पांनी अर्पण केली’ असं सांगतात. ते सगळीकडे जमत नाही. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं. अप्पा गेले १७४० मध्ये. मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा आणि नानांचा जन्मच फेब्रुवारी १७४२ चा, अप्पांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. म्हणजे या घंटा वसईहून आल्या, सरदारांमध्ये वाटल्या गेल्या, कुठेतरी पडून राहिल्या आणि त्या त्या मालकाने देऊळ बांधलं तेव्हा तिथे चढल्या, असं म्हणणंच जास्त पटतं. लोकांच्या आठवणीत मात्र सगळ्या घंटा एकाच माणसाच्या झाल्या. यात खोटं सांगण्याचा हेतू दिसत नाही. ज्याने वेढा उठवला नाही, त्याच्या नावावर लूट जमा झाली. बाजीरावासारखा भाऊ असताना चिमाजीच्या नावावर स्वतंत्रपणे जमा झालेल्या गोष्टी फार थोड्या आहेत, त्यातली ही एक.

दुसरी म्हणजे वज्रेश्वरी. वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा नवस अप्पांनी बोलल्याचं सांगतात. विजयानंतर वसईचा सुभेदार शंकराजी केशव फडके याने ते बांधून घेतलं. किल्ल्यासारख्या तटाचं, बावन्न पायऱ्यांचं. ठाण्याकडचे लोक गरम पाण्याच्या कुंडांसाठी तिकडे जातात, तेव्हा या पायऱ्या चढतातच.

ज्यांच्या घंटा गेल्या त्यांचं काय झालं, हे मात्र कुठल्या देवळात सांगत नाहीत. वसई आणि साष्टीतल्या कितीतरी चर्चेसची नंतर पडझड झाली. वसईच्या कोटात आज फिरलं तर मनोरे आहेत, कमानी आहेत आणि जिथे घंटा असायची तिथे आभाळ दिसतं.

विजयानंतर अप्पांना सुखाचे दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. पुण्यात परतले तर घरात मस्तानीवरून पेटलेलं. एकीकडे आई राधाबाई आणि घरातले सगळे, दुसरीकडे ज्याच्यासाठी आयुष्य घातलं तो भाऊ. मस्तानीला अडकवून ठेवण्यात अप्पा आणि पुतण्या नानासाहेब दोघेही होते. वसईला शत्रूच्या बायकामुलांना सुखरूप वाट देणारा माणूस घरातल्या एका बाईच्या बाबतीत तेवढा उदार राहिला नाही. त्यांच्या आयुष्यातली ही बाजू झाकायचं कारण नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. शेवटच्या दिवसांत अप्पा तिथे नव्हते. त्यानंतर त्यांनी नानासाहेबाला पेशवाई मिळवून द्यायची धडपड केली, कारभार लावून दिला आणि १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात तेही गेले. वसई जिंकल्याला अवघे एकोणीस महिने झाले होते. वय तिशीच्या आसपास. दुसरी बायको अन्नपूर्णाबाई सती गेली. दहा वर्षांचा सदाशिव आजी राधाबाईंच्या हाताखाली वाढला.

जिंकलेला मुलूखही फार टिकला नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि १७८० मध्ये वसई. नंतरचा हिशेब त्यांनी असा चुकता केला. ठाण्याच्या किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला.

अप्पांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ मुठेच्या काठाला आहे. वसईच्या कोटात त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. मेणवलीला सिनेमांचं शूटिंग बघायला गेलेले लोक घाटावर उतरतात, दगडी घरातल्या त्या घंटेपाशी थांबतात, टोला देतात आणि मग मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या अंगावरचे आकडे वाचतात.